पारदर्शक प्लास्टिक आणि अतिनील प्रकाश : निवडीची शास्त्रीय कसोटी

सारांश

डोळ्यांना स्वच्छ व पारदर्शक दिसणारे प्लास्टिक अतिनील प्रकाशालाही पारदर्शक असतेच असे नाही. काही प्लास्टिके अतिनील प्रकाशाचा संपूर्ण पट्टा अडवितात, काही त्याचा एक भाग जाऊ देतात, तर मोजकीच प्लास्टिके तो बहुतांशी जाऊ देतात. हा फरक नजरेने ओळखता येत नाही. त्यामुळे प्रयोगशाळेतील मोजमापे चुकतात आणि प्रसंगी डोळ्यांना व त्वचेला इजा होते. प्रस्तुत लेखात या फरकामागील रासायनिक कारणे, प्रमुख प्लास्टिकांचे गुणधर्म, जाडी व कालमान यांचा परिणाम आणि महाविद्यालयीन प्रयोगशाळेत करता येण्याजोग्या पडताळणीच्या पद्धती यांचे विवेचन केले आहे.

बीजशब्द : अतिनील प्रकाश, तरंगलांबी, बहुवारिके, पारगमन, अ‍ॅक्रेलिक, क्युव्हेट, प्रयोगशाळा-सुरक्षितता.

१. प्रस्तावना

डी.एन.ए.च्या नमुन्याची संहती मोजण्याचा प्रयोग जीवशास्त्राच्या व जैवतंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमांत आता रूढ झाला आहे. नमुन्याचे शोषण २६० नॅनोमीटर या तरंगलांबीला मोजावयाचे, त्यावरून संहती काढावयाची आणि २६० व २८० नॅनोमीटरच्या शोषणांच्या गुणोत्तरावरून नमुना प्रथिनांपासून कितपत मुक्त आहे हे ठरवावयाचे, अशी त्याची रीत आहे. शुद्ध डी.एन.ए.साठी हे गुणोत्तर सुमारे १.८ येते. या मोजणीसाठी क्वार्ट्‌झचे क्युव्हेट लागते. ते महाग असते व हातातून निसटले की फुटते. अशा वेळी कपाटातील वापरून टाकून द्यावयाचे प्लास्टिकचे क्युव्हेट हाती घेतले जाते. दिसावयास ते क्वार्ट्‌झइतकेच स्वच्छ असते.

हे क्युव्हेट पॉलिस्टायरिनचे असेल, तर २६० नॅनोमीटरचा जवळजवळ सर्व प्रकाश त्याच्या भिंतीच शोषून घेतात. तरीही शुद्ध पाणी भरलेल्या तशाच क्युव्हेटने उपकरणाचे शून्य जुळविले जाते, नंतर नमुना ठेवला जातो आणि पडद्यावर एक आकडा उमटतो. विद्यार्थी तो आकडा प्रयोगवहीत लिहितो. वस्तुतः तो आकडा डी.एन.ए.चा नसतो. उपकरणात इकडेतिकडे फिरणारा भटका प्रकाश आणि शोधकातील विद्युत्-गोंगाट यांपासून तो तयार झालेला असतो. उपकरण दरवेळी दोष दाखवीलच असे नाही, आणि आकडा संभवनीय वाटला तर त्याविषयी कोणी शंकाही घेत नाही.

याच अज्ञानाची दुसरी बाजू सुरक्षिततेशी निगडित आहे. जंतुनाशक अतिनील दिव्यासमोर किंवा जेल पाहण्याच्या अतिनील मंचावर ‘पारदर्शक शीट’ बसविले की डोळे सुरक्षित झाले, असा समज आढळतो. शीट कोणत्या जातीचे आहे यावर ही सुरक्षितता अवलंबून असते. पहिल्या प्रसंगी प्रकाश पार जावयास हवा असतो, तर दुसऱ्या प्रसंगी तो अडावयास हवा असतो. दोन्ही ठिकाणी एकच प्रश्न विचारला गेलेला नसतो : हे प्लास्टिक कोणत्या तरंगलांबीला पारदर्शक आहे?

२. अतिनील प्रकाशाचे पट्टे

जर्मन शास्त्रज्ञ योहान रिटर यांना १८०१ साली असे आढळले की, वर्णपटातील जांभळ्या टोकाच्या पलीकडे, जेथे डोळ्यांना काहीही दिसत नाही तेथेही, सिल्व्हर क्लोराइड काळे पडते. तेथपासून अतिनील प्रकाशाचा अभ्यास सुरू झाला. आज या प्रकाशाचे सोयीसाठी तीन पट्टे मानले जातात. ३१५ ते ४०० नॅनोमीटर हा ‘अ’ पट्टा (यू.व्ही.-ए), २८० ते ३१५ नॅनोमीटर हा ‘ब’ पट्टा (यू.व्ही.-बी) आणि १०० ते २८० नॅनोमीटर हा ‘क’ पट्टा (यू.व्ही.-सी) होय. सूर्यप्रकाशातील ‘क’ पट्टा वातावरणातील ऑक्सिजन व ओझोन अडवितात. त्यामुळे भूपृष्ठावर तो पोहोचत नाही आणि ‘ब’ पट्ट्याचाही अल्प भागच पोहोचतो.

प्रयोगशाळेत मात्र हे तिन्ही पट्टे कृत्रिम दिव्यांतून उपलब्ध असतात. अनुस्फुरण पाहण्यासाठी ३६५ नॅनोमीटरचा दिवा, जेल पाहण्याच्या मंचात बहुधा ३०२ किंवा ३१२ नॅनोमीटरचा दिवा आणि निर्जंतुकीकरणासाठी २५४ नॅनोमीटरचा पाऱ्याच्या वाफेचा दिवा वापरला जातो. हे तीनही दिवे ‘अतिनील’ या एकाच नावाने ओळखले जातात, परंतु प्लास्टिकच्या दृष्टीने ते तीन वेगळे प्रकाश आहेत. एकच शीट पहिल्यासाठी खिडकी, दुसऱ्यासाठी अर्धवट पडदा आणि तिसऱ्यासाठी भिंत ठरू शकते.

तरंगलांबी जितकी कमी तितकी प्रकाशकणाची ऊर्जा अधिक असते. एक मोल प्रकाशकणांची ऊर्जा ४०० नॅनोमीटरला सुमारे २९९ किलोज्यूल, ३१५ नॅनोमीटरला सुमारे ३८० किलोज्यूल आणि २५४ नॅनोमीटरला सुमारे ४७१ किलोज्यूल भरते. कार्बन-कार्बन एकेरी बंधाची सरासरी ऊर्जा सुमारे ३४७ आणि कार्बन-हायड्रोजन बंधाची सुमारे ४१३ किलोज्यूल प्रतिमोल आहे. अर्थात ‘क’ पट्ट्यातील प्रकाशकणांमध्ये प्लास्टिकचा सांगाडा ज्या बंधांनी बनला आहे ते बंध तोडण्याइतकी ऊर्जा असते. अतिनील प्रकाश जाऊ देणारे प्लास्टिक निवडताना टिकाऊपणाचा प्रश्न प्रारंभापासून बरोबर येतो, तो यामुळेच.

३. प्लास्टिकमधून जाताना प्रकाश का घटतो

प्लास्टिकच्या शीटवर पडलेला प्रकाश चार कारणांनी कमी होतो.

पहिले कारण पृष्ठभागावरील परावर्तन हे होय. ते अपवर्तनांकावर अवलंबून असते. अ‍ॅक्रेलिकचा अपवर्तनांक सुमारे १.४९ असल्याने लंबरूप पडलेल्या प्रकाशापैकी जवळजवळ ४ टक्के प्रकाश प्रत्येक पृष्ठभागावर परत फिरतो. म्हणून निर्दोष अ‍ॅक्रेलिकमधूनही दृश्य प्रकाश सुमारे ९२ टक्केच पार जातो. पॉलिकार्बोनेटचा अपवर्तनांक सुमारे १.५९ असल्याने ही मर्यादा ९० टक्क्यांच्या आसपास येते. काही फ्लोरीनयुक्त प्लास्टिकांचा अपवर्तनांक १.३४ इतका कमी असल्यामुळे त्यांच्यातून ९६ टक्क्यांपर्यंत प्रकाश जाऊ शकतो.

दुसरे व सर्वांत महत्त्वाचे कारण म्हणजे रेणूंच्या रचनेमुळे होणारे शोषण. बहुवारिकाच्या साखळीत कोणते गट आहेत यावर ते ठरते. बेंझिन वलय २६० नॅनोमीटरच्या परिसरात प्रकाश शोषते. पॉलिस्टायरिन, पॉलिकार्बोनेट आणि पाण्याच्या बाटल्यांचे पी.ई.टी. या तिन्हींत बेंझिन वलये आहेत, त्यामुळे ‘क’ पट्ट्यासाठी ती मुळातच निरुपयोगी ठरतात. याउलट पॉलिएथिलीन, चक्रीय ओलेफिन सहबहुवारिके आणि फ्लोरीनयुक्त प्लास्टिके यांच्या साखळीत अशी वलये किंवा दुहेरी बंध नसतात. डी.एन.ए. व प्रथिने ज्या कारणाने २६० व २८० नॅनोमीटरला मोजता येतात, त्याच स्वरूपाच्या कारणाने, म्हणजे वलययुक्त गटांच्या शोषणाने, पॉलिस्टायरिनचे क्युव्हेट त्या मोजणीस अपात्र ठरते.

तिसरे कारण मिसळलेली द्रव्ये. शीट उन्हात पिवळे पडू नये म्हणून उत्पादक त्यात अतिनील-शोषक द्रव्ये मिसळतात. बेंझोट्रायझोल वर्गातील संयुगे हे त्याचे नेहमीचे उदाहरण होय. त्यांचे प्रमाण अल्प असले तरी ती जवळजवळ संपूर्ण ‘अ’ व ‘ब’ पट्टा अडवू शकतात. म्हणून बहुवारिकाचे रासायनिक नाव कळले म्हणजे त्याचे पारगमन कळले असे होत नाही. अ‍ॅक्रेलिक हे त्याचे ठळक उदाहरण आहे.

चौथे कारण प्रकीर्णन. पॉलिएथिलीन अंशतः स्फटिकी असते. त्यातील सूक्ष्म स्फटिक व अस्फटिकी भाग यांचे अपवर्तनांक भिन्न असल्याने प्रकाश विखुरतो आणि जाड पत्रा दुधाळ दिसतो. येथे प्रकाश शोषला जात नाही, केवळ त्याची दिशा बदलते. एखाद्या पृष्ठभागावर प्रकाश पोहोचविणे एवढेच साध्य असेल तर असे प्लास्टिक चालते. पलीकडची प्रतिमा पाहावयाची असेल किंवा शलाका सरळ न्यावयाची असेल तर ते चालत नाही.

४. प्रमुख प्लास्टिकांचा परिचय

अ‍ॅक्रेलिक (पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट) : बाजारात सहज मिळणारे, कापावयास व जोडावयास सोपे असे हे प्लास्टिक आहे. शुद्ध अवस्थेत ते ‘अ’ पट्टा जवळजवळ दृश्य प्रकाशाप्रमाणेच आणि ‘ब’ पट्ट्याचा बराच भाग जाऊ देते. परंतु फलक, दर्शनी पेट्या यांसाठी विकल्या जाणाऱ्या शीटमध्ये बहुधा शोषक द्रव्य असते आणि असे शीट ३७० ते ४०० नॅनोमीटरच्या खाली जवळजवळ अपारदर्शक होते. अतिनील प्रकाश जाऊ देणारे अ‍ॅक्रेलिक वेगळे तयार केले जाते व ‘यू.व्ही.टी.’ या नावाने ओळखले जाते. त्वचा रापविण्याच्या पाश्चात्त्य उपकरणांत दिव्यांवर हेच शीट असते. ‘क’ पट्ट्यासाठी मात्र यू.व्ही.टी. शीटवरही विसंबता येत नाही.

पॉलिस्टायरिन : याची स्वस्त क्युव्हेटे साधारणतः ३४० नॅनोमीटरपासून पुढे वापरावयाची असतात. ३०० नॅनोमीटरच्या खाली पारगमन झपाट्याने कोसळते. ३४० नॅनोमीटरला एन.ए.डी.एच. मोजण्याचे विकर-प्रयोग यात होऊ शकतात, परंतु डी.एन.ए. व प्रथिने यांची सरळ मोजणी होऊ शकत नाही.

पॉलिकार्बोनेट : आघात सहन करण्याची याची क्षमता मोठी आहे. याच्या शीटवर किंवा शीटमध्ये बहुधा अतिनील-शोषक असतो. असे शीट जवळजवळ संपूर्ण अतिनील पट्टा अडविते. म्हणून संरक्षक चष्मे व मुखावरणे यांसाठी ते योग्य, आणि अतिनील प्रकाशाच्या खिडकीसाठी अयोग्य ठरते.

पी.ई.टी. : सुमारे ३२० नॅनोमीटरच्या खालचा प्रकाश हे अडविते, त्यावरील ‘अ’ पट्टा बराचसा जाऊ देते. साध्या खिडकीच्या काचेची वागणूकही स्थूलमानाने अशीच असते. बंद काचेआड उन्हात बसून शरीरात ‘ड’ जीवनसत्त्व तयार होत नाही, कारण त्यासाठी लागणारा ‘ब’ पट्टा काच अडविते.

पॉलिमिथाइलपेंटीन : घनता केवळ ०.८३ असलेले, उष्णता सोसणारे व पारदर्शक असे हे प्लास्टिक प्रयोगशाळेतील चंचुपात्रांत आढळते. यात बेंझिन वलय नसल्याने अतिनील प्रकाशासाठी ते पॉलिस्टायरिनपेक्षा सरस असते.

चक्रीय ओलेफिन सहबहुवारिक : यातील वलये संतृप्त असल्याने ती अतिनील प्रकाश शोषत नाहीत. हे अस्फटिकी असल्याने काचेसारखे स्वच्छ दिसते. याच्या पातळ भिंतींची क्युव्हेटे सुमारे २३० नॅनोमीटरपर्यंत उपयोगी पडतात. ‘यू.व्ही. क्युव्हेट’ या नावाने मिळणारी वापरून टाकावयाची क्युव्हेटे बहुधा याच वर्गातील असतात. प्रस्तावनेत वर्णिलेल्या अडचणीवर क्वार्ट्‌झखेरीज हाच व्यवहार्य उपाय आहे.

फ्लोरीनयुक्त प्लास्टिके : एफ.ई.पी. व ई.टी.एफ.ई. ही यांतील पारदर्शक उदाहरणे होत. कार्बन-फ्लोरीन बंधाची ऊर्जा सुमारे ४८५ किलोज्यूल प्रतिमोल, म्हणजे २५४ नॅनोमीटरच्या प्रकाशकणांपेक्षाही किंचित अधिक आहे. एफ.ई.पी.च्या पातळ पटलातून २५४ नॅनोमीटरचा प्रकाश बहुतांश पार जातो आणि दीर्घकाळ वापरूनही ते सहसा पिवळे पडत नाही. म्हणून अतिनील दिव्यांवरील आवरणे आणि पाणी शुद्ध करणाऱ्या संयंत्रांतील नळ्या यांसाठी ते वापरतात. इंग्लंडमधील कॉर्नवॉल येथे २००१ साली खुल्या झालेल्या ‘ईडन प्रोजेक्ट’च्या घुमटांवर ई.टी.एफ.ई.च्या हवा भरलेल्या गाद्या बसविलेल्या आहेत. ही प्लास्टिके महाग असतात आणि त्यांना नेहमीच्या गोंदाने जोडता येत नाही, या त्यांच्या मर्यादा होत.

हे विवेचन एकत्रित पाहावयाचे झाल्यास पुढीलप्रमाणे मांडता येईल.

तक्ता क्र. १ : कार्यानुरूप निवड
३६५ नॅनोमीटर जाऊ द्यावयाचा असल्यास : यू.व्ही.टी. अ‍ॅक्रेलिक, पातळ पी.ई.टी.ही चालते.
३०२ ते ३१२ नॅनोमीटर जाऊ द्यावयाचा असल्यास : यू.व्ही.टी. अ‍ॅक्रेलिक (जाडी तपासून), चक्रीय ओलेफिन सहबहुवारिक, एफ.ई.पी.
२६० व २८० नॅनोमीटरच्या मोजणीसाठी : चक्रीय ओलेफिन सहबहुवारिकाचे क्युव्हेट किंवा क्वार्ट्‌झ.
२५४ नॅनोमीटर दीर्घकाळ जाऊ द्यावयाचा असल्यास : पातळ एफ.ई.पी. किंवा क्वार्ट्‌झ.
सर्व अतिनील प्रकाश अडवावयाचा असल्यास : अतिनील-शोषक असलेले पॉलिकार्बोनेट किंवा तसेच अ‍ॅक्रेलिक.

५. जाडीचा परिणाम

उत्पादकाच्या पत्रकात दिलेला पारगमनाचा आकडा विशिष्ट जाडीसाठी असतो, ही गोष्ट पुष्कळदा दुर्लक्षिली जाते. परावर्तन सोडून दिल्यास आतील पारगमन जाडीबरोबर घातांकी रीतीने घटते. एखाद्या तरंगलांबीला ३ मिलिमीटर जाडीच्या शीटचे आतील पारगमन ८० टक्के असेल, तर ६ मिलिमीटरचे ६४ टक्के आणि १२ मिलिमीटरचे सुमारे ४१ टक्के होईल. परंतु तेच पारगमन ३ मिलिमीटरला १० टक्के असेल, तर ६ मिलिमीटरला ते १ टक्का आणि १२ मिलिमीटरला ०.०१ टक्का एवढेच उरेल.

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पारगमन उत्तम असलेल्या तरंगलांबीला जाडी दुप्पट केल्याने फारसे बिघडत नाही. पारगमन घसरू लागलेल्या तरंगलांबीला मात्र जाडी निर्णायक ठरते. ‘अमुक प्लास्टिक अमुक नॅनोमीटरपर्यंत चालते’ हे विधान जाडी सांगितल्याखेरीज अपुरे असते. प्रकाश जाऊ द्यावयाचा असेल तर मजबुतीला पुरेल एवढे पातळ शीट घ्यावे. अडवावयाचा असेल तर मात्र केवळ जाडीवर न विसंबता शोषक द्रव्य असलेले शीट घ्यावे.

६. कालमान : नवे शीट आणि जुने शीट

प्रकाशामुळे रासायनिक बदल घडावयाचा तर तो प्रकाश आधी शोषला गेला पाहिजे, हा प्रकाशरसायनशास्त्राचा मूलभूत नियम होय. त्यामुळे अतिनील प्रकाश संपूर्णपणे जाऊ देणारे आदर्श प्लास्टिक त्या प्रकाशाने खराब होऊ नये. प्रत्यक्षात तसे घडत नाही. शुद्ध पॉलिएथिलीनने सूर्यप्रकाशातील अतिनील किरण शोषावयास नकोत, तरी उन्हात ठेवलेले साधे पॉलिएथिलीन काही महिन्यांत ठिसूळ होते. उत्पादनाच्या वेळी उरलेले उत्प्रेरकांचे अंश आणि साखळीत शिरलेले कार्बोनिल गट प्रकाश शोषतात, त्यातून मुक्त मूलके निर्माण होतात आणि हवेतील ऑक्सिजनच्या साहाय्याने साखळ्या तुटत जातात. पॉलिकार्बोनेटमध्ये शोषणानंतर रेणूंची पुनर्रचना होऊन पिवळी संयुगे बनतात.

या बदलांमुळे नवी शोषक केंद्रे तयार होतात. म्हणजे शीट जुने होते तसतसे त्याचे अतिनील पारगमन आणखी घटत जाते. डोळ्यांना पिवळेपणा जाणवण्यापूर्वीच ही घट सुरू झालेली असते, कारण नवी संयुगे प्रथम अतिनील पट्ट्यात व नंतर निळ्या पट्ट्यात शोषण करू लागतात. दिव्यासमोरील खिडकी वर्षानुवर्षे तशीच ठेवल्यास दिवा नवा असूनही पलीकडे पोहोचणारी मात्रा कमी होते. ज्या कामात मात्रा महत्त्वाची आहे, तेथे खिडकीचे पारगमन ठरावीक काळाने पुन्हा मोजणे आवश्यक आहे.

शब्दप्रयोगाचा एक घोळ येथे ध्यानात घ्यावयास हवा. ‘यू.व्ही. शीट’ किंवा ‘यू.व्ही. ग्रेड’ या शब्दांनी बाजारात बहुधा अतिनील प्रकाशात टिकणारे शीट अभिप्रेत असते, जाऊ देणारे नव्हे. टिकाऊपणा शोषक द्रव्य घालून साधला असेल, तर ते शीट अतिनील प्रकाश अडविणारेच असते. तो मुक्त मूलकांना निष्प्रभ करणारे अमाइन वर्गातील स्थिरकारी घालून साधला असेल, तर प्रकाश जाऊही शकतो. म्हणून मागणीपत्रात ‘यू.व्ही.’ एवढेच न लिहिता तरंगलांबी, जाडी व अपेक्षित पारगमन असे तिन्ही आकडे लिहावेत आणि पुरवठादाराकडून पारगमनाचा आलेख मागवावा.

७. उपयोजनातील तीन उदाहरणे

(अ) सूर्यप्रकाशाने पाण्याचे निर्जंतुकीकरण : बैरूत येथे आफ्तिम आक्रा यांनी १९८० च्या सुमारास केलेल्या कामातून आणि स्वित्झर्लंडमधील ‘इआवाग’ या संस्थेने १९९१ पासून केलेल्या संशोधनातून ही पद्धत विकसित झाली. स्वच्छ पाणी पी.ई.टी.च्या पारदर्शक बाटलीत भरून भर उन्हात ६ तास, आणि आभाळ भरलेले असल्यास सलग २ दिवस ठेवावयाचे, अशी ही रीत आहे. पी.ई.टी. ‘ब’ पट्टा अडविते, तरी ‘अ’ पट्टा आत शिरतो. हा पट्टा, पाण्यातील ऑक्सिजन आणि उष्णता यांच्या एकत्रित परिणामाने रोगजंतू निष्प्रभ होतात. पाणी गढूळ असेल तर ते आधी गाळून किंवा निवळून घ्यावे लागते. हीच बाटली अतिनील-शोषक पॉलिकार्बोनेटची असेल तर ‘अ’ पट्टाही आत जात नाही. दोन्ही बाटल्या दिसावयास सारख्या, परंतु एकीतील पाण्यावर प्रक्रिया होते व दुसरीतील पाणी केवळ कोमट होते.

(आ) हरितगृहांचे आच्छादन : पुणे जिल्ह्यातील मावळ परिसरात गुलाबाची हरितगृहे मोठ्या प्रमाणावर आहेत. त्यांवर बहुधा पॉलिएथिलीनचे स्थिरीकृत पटल असते. येथे अतिनील प्रकाश आत येऊ द्यावा की अडवावा, हा केवळ पटलाच्या आयुष्याचा प्रश्न नाही. पांढरी माशी व फुलकिडे यांसारखे कीटक दिशा ठरविण्यासाठी अतिनील प्रकाशाचा उपयोग करतात, म्हणून तो अडविणाऱ्या पटलाखाली त्यांचा उपद्रव कमी होतो. लाल गुलाबाच्या पाकळ्यांच्या कडा काळ्या पडण्याचे प्रमाणही घटते. परंतु मधमाश्यांच्या दृष्टीलाही अतिनील प्रकाश लागतो, आणि तांबड्या पानांच्या लेट्यूससारख्या पिकांचा रंग अतिनील प्रकाशाने खुलतो. गुलाबाला परागीभवनाची गरज नसल्याने अडविणारे पटल त्यास चालते. कीटकांकडून परागीभवन व्हावे लागणाऱ्या पिकास तेच पटल अडचणीचे होऊ शकते.

(इ) डोळ्यातील कृत्रिम भिंग : लंडन येथील हॅरॉल्ड रिडली यांनी १९४९ साली मोतीबिंदूच्या रुग्णाच्या डोळ्यात अ‍ॅक्रेलिकचे कृत्रिम भिंग प्रथम बसविले. युद्धकाळात वैमानिकांच्या डोळ्यांत घुसलेले अ‍ॅक्रेलिकचे कण डोळ्याने निमूटपणे सहन केल्याचे त्यांना आढळले होते. शुद्ध अ‍ॅक्रेलिक ‘अ’ पट्टा जाऊ देते. माणसाचे नैसर्गिक भिंग मात्र तो बहुतांश अडवून दृष्टिपटलाचे रक्षण करीत असते. त्यामुळे पुढे १९८० च्या दशकात कृत्रिम भिंगाच्या द्रव्यात अतिनील-शोषक गट समाविष्ट करण्यात येऊ लागले. जो गुण क्युव्हेटमध्ये इष्ट असतो तोच भिंगात अनिष्ट ठरतो. ‘चांगले’ पारदर्शक प्लास्टिक कोणते, हे कार्यावरूनच ठरते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

८. महाविद्यालयीन प्रयोगशाळेतील पडताळणी

हातातील शीट कोणत्या जातीचे आहे हे कागदपत्रांवरून कळत नसल्यास ते मोजून पाहणे हाच विश्वसनीय मार्ग आहे. त्यासाठी लागणारी साधने बहुतेक विज्ञान महाविद्यालयांत असतात.

पहिली पद्धत स्पेक्ट्रोफोटोमीटरची. शीटवरील संरक्षक कागद किंवा पटल प्रथम काढावे. क्युव्हेटच्या जागेत उभी बसेल अशी पट्टी कापून तिचे पृष्ठभाग पाण्याने व मऊ कापडाने स्वच्छ करावेत. रिकाम्या जागेतील हवेने उपकरण १०० टक्क्यांवर जुळवून २०० ते ५०० नॅनोमीटरपर्यंत पारगमन नोंदवावे. अ‍ॅक्रेलिकसाठी ५०० नॅनोमीटरला आकडा ९२ टक्क्यांच्या जवळ यावयास हवा. तो बराच कमी आल्यास पट्टी तिरपी आहे, ओरखडलेली आहे किंवा अस्वच्छ आहे असे समजावे. प्लास्टिकच्या क्युव्हेटची तपासणीही याच रीतीने करावी. पाणी भरलेल्या क्युव्हेटचे २६० नॅनोमीटरचे पारगमन हवेच्या तुलनेत १ टक्का, म्हणजे शोषण २, असेल तर ते क्युव्हेट त्या मोजणीतून बाद करावे. शून्य जुळविण्यापूर्वी केलेली ही एक नोंद प्रस्तावनेत वर्णिलेली चूक टाळण्यास पुरेशी आहे.

दुधाळ पटलाच्या बाबतीत एक सावधगिरी घ्यावी लागते. विखुरलेला प्रकाश शोधकापर्यंत पोहोचत नसल्याने साधे उपकरण पारगमन प्रत्यक्षापेक्षा कमी दाखविते. अनुस्फुरण होणाऱ्या प्लास्टिकच्या बाबतीत उलट घडते. अतिनील प्रकाश शोषून प्लास्टिकने सोडलेला दृश्य प्रकाश शोधकावर पडतो आणि जे पारगमन नाही ते असल्याचा भास होतो.

दुसरी पद्धत रसायनशास्त्र विभागातील साधनांची आहे. ‘एफ-२५४’ अशी खूण असलेली पातळ थर वर्णलेखनाची पट्टी २५४ नॅनोमीटरच्या प्रकाशात हिरवी चकाकते. दिवा व पट्टी यांच्यामध्ये प्लास्टिकचा तुकडा धरावा. त्याखालील भाग काळवंडला तर तो तुकडा २५४ नॅनोमीटर अडवितो. चकाकी टिकली तर तो प्रकाश पार जात आहे. शेजारी साध्या काचेचा व क्वार्ट्‌झचा तुकडा ठेवल्यास तुलना सोपी होते. ३६५ नॅनोमीटरसाठी हेच काम साबणचुऱ्याने धुतलेल्या पांढऱ्या कापडावर होते, कारण साबणचुऱ्यातील उजळकारी द्रव्य त्या प्रकाशात निळसर चकाकते. मात्र ३६५ नॅनोमीटरच्या चाचणीवरून २५४ नॅनोमीटरविषयी कोणताही निष्कर्ष काढू नये. पी.ई.टी. पहिल्या चाचणीत पारदर्शक व दुसऱ्या चाचणीत अपारदर्शक ठरते. या चाचण्या करताना पॉलिकार्बोनेटचा संरक्षक चष्मा व हातमोजे वापरावेत आणि दिवा बंद पेटीत ठेवावा. २५४ नॅनोमीटरच्या प्रकाशाने डोळ्यांच्या पारपटलाला होणारी इजा त्या क्षणी जाणवत नाही, काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखी वेदना सुरू होते. त्यामुळे ‘काही झाले नाही’ हा तात्कालिक अनुभव सुरक्षिततेचा पुरावा ठरत नाही.

या दोन्ही चाचण्या विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिकातही घेता येतील. बाटली, क्युव्हेट, चष्म्याचे भिंग, अ‍ॅक्रेलिकचा तुकडा आणि पॉलिएथिलीनची पिशवी अशा पाच वस्तूंच्या पारगमनाचे आलेख एकाच कागदावर काढले, तर रेणूंची रचना आणि प्रकाशाचे शोषण यांचा संबंध विद्यार्थ्यांस प्रत्यक्ष दिसतो. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र या तिन्ही विभागांना हे प्रात्यक्षिक समान उपयोगी आहे.

९. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१) ‘पारदर्शक’ हे विशेषण तरंगलांबी सांगितल्याखेरीज अपूर्ण आहे. निवडीचा प्रारंभ प्लास्टिकच्या नावापासून न करता कार्याला लागणाऱ्या तरंगलांबीपासून करावा.

२) बेंझिन वलये असलेली प्लास्टिके ‘क’ पट्ट्यासाठी बाद ठरतात. वलये नसलेल्या प्लास्टिकांतही मिसळलेली द्रव्ये पारगमन बदलतात. त्यामुळे रासायनिक नाव ही आवश्यक, परंतु अपुरी माहिती आहे.

३) पारगमनाचा आकडा जाडीसह वाचावा आणि वापरातील शीट ठरावीक काळाने पुन्हा तपासावे.

४) २६० व २८० नॅनोमीटरच्या मोजणीत प्लास्टिकचे क्युव्हेट वापरावयाचे असल्यास त्याचे स्वतःचे पारगमन प्रथम मोजून प्रयोगवहीत नोंदवावे.

५) संरक्षक आवरण म्हणून बसविलेले शीट अतिनील प्रकाश अडविते की नाही, याची त्याच दिव्यासमोर चाचणी घ्यावी. यू.व्ही.टी. शीट व साधे शीट एकाच कपाटात खुणेविना ठेवू नयेत.

क्युव्हेटच्या निवडीतील चुकीने एक आकडा खोटा ठरतो, तर संरक्षक शीटच्या निवडीतील चुकीने एका विद्यार्थ्याचे डोळे दुखावतात. या दोन्ही चुका टाळण्यासाठी लागणारी मोजणी काही मिनिटांत होते. ती प्रयोगशाळेच्या नित्यक्रमाचा भाग व्हावी, इतके या विषयाचे महत्त्व निश्चितच आहे.